बुधवारचं मौन

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला राहीबाईंच्या दारात जी मुलगी येऊन उभी राहिली, तिनं तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

बोलत होता तिचा बाप. मुस्तफा न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचा. राहीबाईंचा शेजारी कमळाकर त्याला चांगला ओळखत होता, कारण बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत कंटेनरची कागदपत्रं तपासण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. त्या ओळखीवरच मुस्तफा पोरीला घेऊन जुईनगरला आला होता. त्याची समजूत अशी, की तपास कमळाकर करतो.

"तपास या करतात," कमळाकरनं शेवटी सांगून टाकलं. "मी सोबत असतो."

हे सांगायला त्यानं जरा उशीरच केला. चार मिनिटं का होईना, आपल्याला कुणी डिटेक्टिव्ह समजतंय हे त्याला आवडलं होतं.

राहीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकले होते. निवृत्तीनंतर शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईंचं हरवलेलं मंगळसूत्र त्यांनी केवळ तिघांच्या बोलण्यावरून शोधून काढलं, आणि तेव्हापासून लोक यायला लागले. त्यांचे डोळे आता अधू झाले होते. कानांचं मात्र वय वाढत नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांगा."

मुस्तफा खुर्चीच्या कडेवर टेकला. "ही आफरीन. वीस वर्षांची हाय. सानपाड्याला गान्याची कंपनी हाय, पाणथळ म्युझिक. ते नव्या पोरांना निवडतात, चाल देतात, शब्द देतात, आवाज घडवतात आनि मग एक गानं काढतात. हिला निवडली. तीन महिने रोज न्हाव्यावरनं ये-जा करत होती. मी म्हटलं, एक गानं कर. चांगलं झालं तर पुढं बघू."

"आणि?"

"शनिवारी गानं रेकॉर्ड झालं. सोमवारी अंधेरीच्या एका कंपनीनं तेच गानं तीस सेकंदांचं बाहेर काढलं. दुसरी पोरगी, दुसरे शब्द, पन चाल तीच. आता सानपाड्याचे म्हनतात, हिनं विकली. संध्याकाळी पाचला हिचं नाव काढनार." तो थांबला. "बाई, पोरीनं चोरी नाय केली. आनि ती चाल तर आमच्याच घरची हाय. माझ्या आईची, करिमुन्निसाची. अंगाई हाय ती. आईला आता मानसांची नावं आठवत नाहीत, पन ती अंगाई आठवते. हिला ते गानं तिला ऐकवायचं होतं, एवढंच."

राहीबाईंनी मुलीकडे पाहिलं. "तू का बोलत नाहीस गं?"

आफरीननं पिशवीतून वही काढली आणि लिहिलं. कमळाकरनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "बुधवारी मौन असतं. सुनयनाबाईंचा नियम आहे. आठवड्यातून एक दिवस गळ्याला सुट्टी. त्या दिवशी स्टुडिओतही यायचं नाही."

"आजसुद्धा?"

मुलीनं पुन्हा लिहिलं. या वेळी कमळाकरनं हळू आवाजात वाचलं. "आज मोडलं तर म्हणतील, ही गायिकाच नव्हती."

"गेल्या बुधवारीही पाळलं होतंस?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मुस्तफा म्हणाला, "दिवसभर घरात होती. आजीच्या उशाशी. फोनला पन हात लावला नाय."

राहीबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "चला," त्या म्हणाल्या. "पाच वाजायला अजून वेळ आहे."

*

जानेवारीतली दुपार नवी मुंबईवर उतरली की खाडीवरून एक पांढुरकं धुकं शहरात शिरतं आणि इमारतींच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. रिक्षातून जाताना कमळाकरला उजेडाचा हा झोपाळूपणा फार आवडायचा. गोड दुखणं असावं तशी त्याला दुपारची झोप होती, कुठंही यायची.

पाणथळ म्युझिकचा स्टुडिओ सानपाड्याच्या एका जुन्या व्यापारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर होता. खाली हौसेराव नावाचा साताऱ्याकडचा वॉचमन लिफ्टच्या जाळीला तोंड लावून वर ओरडत होता.

"दार लावा की ओ! दार!" मग तो यांच्याकडे वळला. "जिन्यानं जावा. वर कुनीतरी दार उघडं टाकलंय. दार लागल्याबिगर लिफ्ट हलत न्हाई. गेल्या मंगळवारी सांजच्याला सोसायटीनं ते वाजायचं मशीन बशिवलं, तरी लोकांच्या कानात काय जात न्हाई."

चार मजले चढून कमळाकरच्या नाकीनऊ आले. वरच्या व्हरांड्यात लिफ्टसमोर एक लाकडी बाक होता. त्यानं मनातल्या मनात तो आपल्यासाठी राखून ठेवला. मुस्तफानं आधीच वर पोचून लिफ्टचं दार लावलं होतं. ती सगळी आत गेली.

स्टुडिओच्या दाराशीच पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा होता. आत येणाऱ्यानं त्यात फोन टाकायचा आणि जाताना घ्यायचा. कंपनीचा मालक रणजीत शेलार स्वतः डबा पुढं करून उभा होता. चाळिशीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याचा बाप वाशीच्या मार्केटात पोती उचलायचा, आणि त्या पाठीवरच हा स्टुडिओ उभा राहिलाय असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा.

"बघा मॅडम, इथं फोन आत जात नाही. कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. फाईल बाहेर जायचा चान्सच नाही. मग चाल गेली कशी? कुणाच्या तरी गळ्यातून. आणि ती चाल घरी कुणाकडं होती? हिच्याकडं." आफरीनकडे न बघता तो म्हणाला, "मला काय आनंद होतोय का? पण पाचला वितरकाला नाव कळवायचंय. चोरीचा डाग असलेलं नाव मी कळवू शकत नाही."

"तुम्ही गाता का?" राहीबाईंनी विचारलं.

"मी?" रणजीत हसला. "मी आरती म्हटली तर बायको टाळ काढून घेते."

कंपनीचा संगीतकार ऋषी काचेमागच्या खोलीत होता. वय सव्वीस, गळ्यात हेडफोन. त्यानं आधी आपलं शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं.

आफरीनचा आवाज खोलीत पसरला. मिठागरावरच्या चांदण्याबद्दल काहीतरी होतं. कोवळा, उंच, जरासा ओला आवाज. एक ओळ, मग दुसरी, आणि दुसरीनंतर नुसती शांतता, श्वासाएवढी. कमळाकरचे डोळे आपोआप मिटले. त्याला त्याची आई आठवली, आणि आईच्या पदराला येणारा ओल्या कपड्यांचा वास.

"ती मधली जागा रिकामी का ठेवलीय?" राहीबाईंनी विचारलं.

"आजीमुळं. अंगाई म्हणताना आजी तिथं झोळीला धक्का देते, म्हणून तिथं गाणं थांबतं. मी म्हटलं, तिथं काही भरायचं नाही. ऐकणाऱ्याला झोळी आपोआप ऐकू येईल."

"छान. आता त्यांचं लावा."

अंधेरीचं गाणं चकचकीत होतं. चाल तीच, पण त्या रिकाम्या जागेत बासरीचे तीन सूर वाजत होते. एक वर, एक त्याच्या खाली, एक आणखी खाली.

ऋषीनं नाक मुरडलं. "हे तीन सूर त्यांचे. मधला तर या चालीत बसतच नाही, पण साला गोड लागतो. मला सुचला नसता. बाकी कामचोरी आहे नुसती. त्यांची पोरगी कोवळ्या आवाजाची आणि गाणं ठेवलंय पांढरी चारला. तिला खाली पडतं ते. खालच्या सुरांत नुसती हवा येते. आम्ही आफरीनसाठी काळी पाचला ठेवलं होतं."

कमळाकरचा चेहरा पाहून त्यानं समजावलं, "काका, प्रत्येक गाणाऱ्याचा 'सा' वेगळा असतो. पेटीची जी पट्टी दाबून तो 'सा' लावतो, ती त्याची पट्टी. पांढरी चार म्हणजे बरीच खालची, बाईच्या मानानं."

"आणि शेवटची ओळ?" राहीबाई म्हणाल्या. "तुमची खाली उतरते. त्यांची वर जाते."

ऋषीनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कान आहेत तुम्हाला! आजीच्या अंगाईत ती ओळ वर जाते. आम्हीही तशीच ठेवली होती. गुरुवारी सकाळी मी ती बदलून खाली आणली. म्हणून तर सगळे आफरीनवर बोट ठेवतायत. त्यांच्याकडं आजीची ओळ आहे."

आफरीन भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मुस्तफानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणी बघायच्या आत काढून घेतला.

"तुम्हाला अंधेरीवाल्यांनी कधी बोलावलं होतं?" राहीबाईंनी ऋषीला विचारलं.

तो लाल झाला. "मागच्या महिन्यात. नोकरी देत होते. नाही म्हटलं. रणजीतदादाला सांगितलं नव्हतं, सॉरी. पण मला चाल द्यायची असती, तर मी बदललेली दिली असती ना? चांगली तीच आहे. आणि मी गात नाही, कीबोर्डवर वाजवतो. पट्टी चुकलीच नसती."

*

गीतकार वामन टिळेकर शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक होते. स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता ते बोलले.

"आमच्या कामाची रीत अशी, की आधी चाल येते आणि मग मी शब्द बसवतो. चाल डोक्यात घोळवत मी बाहेर व्हरांड्यात बिडी ओढतो. गेल्या आठवड्यात तीन दिवस एक ओळ सुचेना. बुधवारी तर बाकावर बसायलाही मिळालं नाही. कुणीतरी शाल टाकून जागा धरून ठेवली होती. गेलो गच्चीवर. गुरुवारी ऋषीनं शेवट बदलला आणि दहा मिनिटांत शब्द आले."

"गुणगुणता का तुम्ही?"

"गुणगुणतो. ऋषी म्हणतो, मी एका ओळीत तीन पट्ट्या बदलतो." ते खट्याळ हसले, मग गंभीर झाले. "बाई, ती पोर चोर नाही. मी चौतीस वर्षं मुलं पाहिलीत. पण माझ्या म्हणण्याला पुरावा कुठं आहे?"

शेवटी सुनयनाबाई. पन्नाशी ओलांडलेली, पाठीचा कणा ताठ, खांद्यांवर राखाडी शाल. पाणथळच्या प्रत्येक नव्या गायकाचा आवाज त्यांनी घडवला होता. त्यांच्या छोट्या खोलीत तानपुऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा मंद घुमत होता. कमळाकरला तिथं बसताच पाण्यात बसल्यासारखं वाटलं.

"आफरीनबद्दल काय सांगू? अशी विद्यार्थिनी मला पंधरा वर्षांत मिळाली नव्हती," त्या म्हणाल्या. त्यांचे हात शालीच्या काठाशी चाळा करत होते. "एसीनं गळा बसतो माझा," त्यांनी कारण नसताना सांगितलं.

"हा डबा कुठल्या पट्टीला लावलाय?"

"पांढरी चार. माझी पट्टी. पूर्वी काळी चारला गायचे. वयानं आवाज खाली उतरला." त्या हलकेच हसल्या. "तेविसाव्या वर्षी माझं एक गाणं रेकॉर्ड झालं होतं. निघालं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. मग लग्न, मग शिकवण्या."

"आफरीननं चाल विकली असं तुम्हाला वाटतं?"

सुनयनाबाईंनी तानपुऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. "मला काय वाटतं त्याला काय महत्त्व आहे?"

बाहेर आल्यावर राहीबाई कमळाकरला म्हणाल्या, "चौघांपैकी तिघांनी तिची बाजू घेतली, निदान तिच्याबद्दल वाईट वाटतं असं तरी दाखवलं. एकीनं प्रश्न चुकवला. पण चुकवणं म्हणजे चोरी नव्हे, भाऊ. मला अजून एक दोरा हवाय."

"मी बाकावर बसून विचार करतो," कमळाकर म्हणाला.

राहीबाईंना त्याच्या विचार करण्याची पद्धत ठाऊक होती.

*

बाक गुळगुळीत होता आणि व्हरांड्याच्या जाळीतून ऊन येत होतं. पलीकडे खाडी, आणि खाडीच्या काठाशी चिखलावर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. कमळाकरचा डोळा लागला.

स्वप्नात तो मिठागरात उभा होता. पांढऱ्या ढिगांमधून त्याची आई झोळी हलवत होती आणि आफरीनचं गाणं चाललं होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ. झोळीला धक्का द्यायची वेळ आली, आणि तेवढ्यात बासरी वाजली. वर, खाली, आणखी खाली. पुन्हा वर, खाली, आणखी खाली. आईनं त्रासून कपाळाला आठ्या घातल्या. "कोण रे ते," ती म्हणाली, "दार लाव!"

तो दचकून जागा झाला. राहीबाई नुकत्याच स्टुडिओतून बाहेर येऊन समोर उभ्या राहिल्या होत्या.

"घोरत होतात."

"स्वप्न पडलं," कमळाकर ओशाळून म्हणाला. "ते अंधेरीवाल्यांचं गाणं डोक्यात बसलंय. आई अंगाई म्हणत होती आणि मध्येच ती बासरी. वाजायची थांबेचना. आई म्हणाली, दार लाव."

राहीबाई हलल्या नाहीत. "पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. आपली चेष्टा होणार असं त्याला वाटलं. पण राहीबाईंचा चेहरा उजळला. त्या लिफ्टकडे वळल्या. लिफ्ट चौथ्यावरच उभी होती. कुणीतरी उतरून तिचं जाळीचं दार अर्धवट लोटून गेलं होतं, आणि कमळाकर जागा झाला त्याच क्षणी हौसेरावनं खालून वर येऊन ते कुरकुरत लावलं होतं.

"भाऊ," राहीबाई म्हणाल्या, "तुमची झोप माझ्या जागेपणापेक्षा कामाची आहे. सगळ्यांना बाहेर बोलवा. ऋषीला म्हणावं, अंधेरीचं गाणं आण. आणि सुनयनाबाईंना म्हणावं, तानपुरा घेऊन या."

*

चार वाजून वीस मिनिटांनी सगळे व्हरांड्यात जमले. रणजीत घड्याळ बघत होता. आफरीन बापाच्या शेजारी उभी होती, वही छातीशी धरून.

"ऋषी, गाणं लाव. मी सांगेन तेव्हा थांबव."

लहान स्पीकरवर अंधेरीची पोरगी गाऊ लागली. पहिली ओळ. दुसरी. बासरी. वर, खाली, आणखी खाली.

"थांबव."

राहीबाईंनी लिफ्टचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. पाच-सहा सेकंद काही झालं नाही. मग लिफ्टच्या छतातल्या छोट्या यंत्रातून आवाज आला. वर, खाली, आणखी खाली.

ऋषीच्या तोंडाचा आ झाला. "सेम! सूर न् सूर सेम! त्याच पट्टीत आहेत!"

"तुमचा स्टुडिओ आवाजबंद आहे, म्हणून तुम्हाला हे कधी आत ऐकू आलं नाही," राहीबाईंनी दार लावत म्हटलं. "येता-जाता ऐकलं असेल, पण लिफ्टच्या कुरकुरीकडं कोण लक्ष देतो? अंधेरीवाल्यांनी मात्र दिलं. त्यांच्याकडं कुणाच्या तरी गळ्यातली चाल आली, फोनवर रेकॉर्ड केलेली. ती इथं, या बाकावर बसून गायलेली होती. बरोबर त्या रिकाम्या जागेत लिफ्ट वाजली. त्यांना वाटलं, हा गाण्याचाच भाग आहे. त्यांनी बासरीवर घेतला. झोळी काय ते त्यांना ठाऊक नव्हतं."

"म्हणून तो मधला सूर चालीतला नव्हता," ऋषी पुटपुटला. "मशीनचा होता."

"आता दिवस बघू. हे यंत्र गेल्या मंगळवारी संध्याकाळी बसवलं, हौसेरावांनीच सांगितलं. म्हणजे रेकॉर्डिंग त्यानंतरचं. आणि अंधेरीच्या गाण्यात शेवटची ओळ वर जाते. ती गुरुवारी सकाळी बदलली. म्हणजे रेकॉर्डिंग त्याआधीचं. मध्ये उरला बुधवार." त्या आफरीनकडे वळल्या. "बुधवारी ही इथं येत नाही. न्हाव्याला आजीच्या उशाशी गप्प बसलेली असते. न्हाव्याच्या घरात लिफ्ट नाही."

मुस्तफानं भिंतीला हात टेकला.

"मग कोण?" रणजीतचा आवाज खाली आला होता.

"कमळाकरभाऊ, बंदरात घाईनं पळवलेला माल कसा ओळखता?"

"मूळची लेबलं तशीच असतात," कमळाकर म्हणाला. या वेळी मात्र त्याला लगेच समजलं, आणि समजल्याबरोबर वाईट वाटलं.

"तेच. लिफ्ट आपली पट्टी बदलत नाही. बासरी आणि लिफ्ट सुरात जुळतात, म्हणजे अंधेरीवाल्यांनी पट्टीला हात लावलेला नाही. गाणाऱ्यानं ज्या पट्टीत गायलं तीच त्यांनी ठेवली. त्यांच्या पोरीला खाली पडते तरी ठेवली. आफरीन काळी पाचला गाते. रणजीतना सूर लागत नाही. ऋषी गात नाही. वामनराव एका पट्टीत राहत नाहीत. आणि त्या बुधवारी वामनरावांना या बाकावर एक शाल पडलेली दिसली."

खालून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला.

"सुनयनाबाई," राहीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तानपुरा लावा."

सुनयनाबाईंनी बटण दाबलं. पांढरी चार घुमू लागली. ऋषीनं न सांगता गाणं पुन्हा लावलं. अंधेरीचं गाणं त्या घुमण्यात असं मिसळलं, की दोन्ही वेगळी काढता येईनात. थोडा वेळ ते तसंच चाललं. मग सुनयनाबाईंनी स्वतःच तानपुरा बंद केला.

"मी गाणं पाठवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी आवाज पाठवला होता."

त्या बाकावर बसल्या. "त्यांना मोठ्या वयाची गायिका हवी होती. नमुना पाठवा म्हणाले. माझ्याकडं गायला चांगलं असं दुसरं काही नव्हतं. तीस वर्षांनी आवाज लागला होता. मध्येच लिफ्ट वाजली, पण पुन्हा गायले असते तर तसा लागला नसता. तसंच पाठवलं. वाटलं, ते आवाज ऐकतील." त्यांनी शाल आवळली. "त्यांनी चाल ऐकली. मला उत्तरसुद्धा आलं नाही. सोमवारी टीझर आला तेव्हा कळलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?" रणजीत ओरडला.

"सांगितलं असतं तर हे कामही गेलं असतं. दुसरं काय आहे माझ्याकडं?"

तेवढ्यात कुणाचा तरी आवाज आला. कोवळा, उंच, दिवसभर न वापरलेला. कमळाकरला कळायला क्षण लागला, की आफरीन बोलतेय.

"बाई, बुधवारी मी गप्प असते कारण तुम्ही सांगितलं. सोमवारपासून तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून गप्प होतात?"

सुनयनाबाईंनी मान वर केली. तीन महिन्यांत त्यांच्या विद्यार्थिनीनं पहिल्यांदाच नियम मोडला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"वही दे," त्या म्हणाल्या.

आफरीननं दिली. सुनयनाबाईंनी सगळं लिहून काढलं. कुठल्या दिवशी, कुठं, कुणाला पाठवलं. खाली सही केली. मग आत जाऊन पोह्यांच्या डब्यातला आपला फोन आणला आणि रणजीतच्या हातात ठेवला. "रेकॉर्डिंग आहे त्यात. तारीख आहे, वेळ आहे, लिफ्ट आहे. त्यांना हे गाणं मागं घ्यावंच लागेल."

पाचला दहा मिनिटं कमी असताना रणजीतनं वितरकाला फोन लावला. गायिकेचं नाव त्यानं दोनदा सांगितलं, आडनावासकट, आणि चालीपुढं करिमुन्निसाबीचं नाव घालायला सांगितलं. मुस्तफा जिन्याच्या पायरीवर बसला आणि तोंड ओंजळीत धरून रडला.

"मला ते ऐकायचंय," आफरीन म्हणाली. "बाईंनी गायलेलं."

फोनमधून एक खोल, जाड, थकलेला आवाज आला. त्याला घाई नव्हती. अंगाईला जे वय लागतं ते त्यात होतं. दुसऱ्या ओळीनंतर लिफ्ट वाजली, आणि आवाज न डगमगता तिच्या पलीकडून पुढं गेला. वामनरावांनी विझलेली बिडी तशीच धरून ठेवली होती. ऋषीनं गळ्यातले हेडफोन काढून बाकावर ठेवले.

संपल्यावर आफरीननं फोन सुनयनाबाईंना परत दिला. ती त्यांच्या पाया पडली नाही आणि त्यांच्याकडं पाठही फिरवली नाही. सुनयनाबाई उठल्या, तानपुऱ्याचा डबा काखेत घेतला आणि जिन्यानं खाली गेल्या. शाल बाकावरच राहिली. आफरीननं ती उचलली, घडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

लिफ्टमधून खाली येताना कमळाकरला राहवेना. "काय गं, पुढच्या बुधवारी पाळणार का मौन?"

आफरीननं थोडा विचार केला.

"बाईंचं मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "नियम चांगला आहे."

खाली पोचल्यावर कमळाकर सगळ्यांत शेवटी बाहेर पडला. त्यानं लिफ्टचं दार आठवणीनं नीट लावलं.